‘आई, तू नको येऊस, तुला फ्रेंच येत नाही’

पत्र:

ताई,

आम्ही कॅनडात, ऑन्टॅरिओत राहतो. मुलगी सात वर्षांची, ग्रेड टूमध्ये, फ्रेंच इमर्शनला, म्हणजे शाळेतलं बरंचसं शिक्षण फ्रेंचमधून. तिच्या शाळेत दर बुधवारी लंचच्या सुट्टीत पालक मिळून फ्रेंच वाचनाचा क्लब चालवतात. तो बघणाऱ्या एका आईने मला गेटपाशी गाठून विचारलं, येशील का मदतीला? बुधवारी मला कामाला सुट्टी असते, त्यामुळे पटकन ‘हो’ म्हणून बसले आणि आता पस्तावतेय. मला ‘बोंजूर’ आणि ‘मेर्सी’ सोडून काही येत नाही. मुलांनी काही विचारलं तर काय सांगू? नवरा म्हणतो, ज्यांना पगार मिळतो ते शिकवतील, तू कशाला फुकट राबतेस? सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. त्या म्हणतात, आधी इंग्रजी, आता फ्रेंच, मग नातीने माझ्याशी बोलायचं तरी कशात? आणि लेकीला आनंदाने सांगायला गेले तर ती म्हणाली, “आई, तू नको येऊस, तुला फ्रेंच येत नाही, सगळे हसतील.” रडूच आलं. नाही म्हणून कळवू का?

— एक आई

उत्तर:

ताई म्हणालीस, आता अहो-जाहो कशाला. एकेरीच लिहिते.

नाही म्हणून कळवू नकोस. कारणं पुढे येतीलच, पण आधी लेकीच्या वाक्याकडे बघू, कारण तुला खरं लागलंय ते तेवढंच. नवरा आणि सासूबाई यांची उत्तरं तू एरवी सहज दिली असतीस. सात वर्षांच्या मुलीला आपली आई चारचौघांत वेगळी उठून दिसू नये, एवढंच हवं असतं. उद्या तू फाडफाड फ्रेंच बोललीस तरी ती तुझ्या जॅकेटच्या रंगावरून काहीतरी काढेलच. पण म्हणून तिचं म्हणणं उडवूनही लावू नकोस. क्लबवाल्या बाईंना सरळ सांग, निदान पहिले दोन महिने मला लेकीच्या ग्रेडची मुलं नकोत, वेगळ्या ग्रेडची द्या. सिनियर किंडरगार्टन किंवा ग्रेड वन मिळाली तर उत्तमच. आणि लेकीला विचार, “मला तिथे जाऊन पाच वाक्यं बोलायची आहेत, तू शिकवशील का?” बघ मग. घरात मादाम, म्हणजे फ्रेंचच्या बाई, होण्याची संधी कुठलंही मूल सोडत नाही.

आता तुझी मूळ भीती. मला एक सांग, तुला शिकवायला बोलावलंय, हे तुला कोणी सांगितलं? पत्र मी दोनदा वाचलं, त्यात ‘मदतीला’ असा शब्द आहे. शिकवायला मुलांची मादाम आहे. तिच्याकडे डिगरी आहे, अनुभव आहे. तिच्याकडे नाहीत ते फक्त कान. म्हणजे आहेत दोनच, आणि समोर मुलं वीस.

ऑन्टॅरिओच्या अभ्यासक्रमाप्रमाणे इमर्शनच्या मुलांना आठवी संपेपर्यंत किमान ३८०० तास फ्रेंचमधून शिकवावं लागतं. चौथीपासून सगळ्यांना असतं ते साधं कोअर फ्रेंच, त्याला आठवीपर्यंत ६०० तास. ३८०० ऐकून छाती दडपते. पण त्यातला बहुतेक वेळ मूल ऐकत असतं, लिहीत असतं, रांगेत उभं असतं, नाहीतर शेजाऱ्याशी इंग्रजीत कुजबुजत असतं. ते स्वतः तोंड उघडून फ्रेंच किती बोलतं? टोरंटोच्या संशोधक मेरिल स्वेन यांनी १९८० च्या दशकात नेमकं यावरच बोट ठेवलं. इमर्शनच्या मुलांना समजतं फार छान, वाचून कळतं, पण बोलताना आणि लिहिताना व्याकरण लंगडतं, कारण स्वतःहून वाक्य जुळवायची वेळ त्यांच्यावर पुरेशी येतच नाही. नुसतं ऐकून भाषा आत जाते, बाहेर काढायला समोर कुणीतरी लागतं.

ते कुणीतरी तू. आणि तुला फ्रेंच येत नाही, हे तिथे तुझं भांडवल आहे. ज्याला सगळं येतं त्याच्यासमोर मूल चुकायला घाबरतं. ज्याला काहीच येत नाही त्याला मात्र ते अर्धा तास समजावून सांगतं, हातवारे करून, चित्रं दाखवून, शब्द सापडला नाही तर वळसा घेऊन.

हे मला पहिल्या दिवशी कळलेलं नव्हतं, हेही सांगते. माझा मुलगा लहान असताना मीही अशीच एका शाळेत जायचे. त्याआधी संध्याकाळच्या वर्गात चार महिने फ्रेंच शिकले होते, त्यामुळे अंगात थोडी मस्ती होती. एक गोबऱ्या गालांचा मुलगा माझ्यासमोर पुस्तक वाचत होता. चित्रात उंदीर चीज खातायत आणि तो वाचतोय, “ले सुरी मांज”. (उंदराला फ्रेंचमध्ये सुरी म्हणतात. मराठी माणसाला हा शब्द एकदा कळला की मरेपर्यंत विसरत नाही.) मी बोट ठेवून म्हटलं, बाळा, नीट बघ, शेवटी अजून तीन अक्षरं आहेत, ती कोण वाचणार? ‘मांजेंत’ म्हण. त्याने माझ्याकडे पाहिलं. तो बरोबर होता, त्याला ते माहीत होतं, पण मी मोठी होते. “मांजेंत,” तो म्हणाला. पुढच्या पानावर उंदीर नाचत होते, गात होते, झोपत होते, आणि प्रत्येक क्रियापदाला त्याने माझी शेपूट लावली. पुढच्या आठवड्यात मादामने मला हसत बाजूला घेतलं. फ्रेंचमध्ये अनेकवचनी क्रियापदाच्या शेवटची ती तीन अक्षरं फक्त लिहायची असतात, उच्चारायची नसतात. इतक्या वर्षांनीही ते पोराचं “मांजेंत” आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

म्हणून तुझ्यासाठी पहिला नियम: दुरुस्ती करायची नाही. अजिबात नाही. शंका आली तर ‘मादामला विचारूया’ म्हणायचं आणि चिठ्ठीवर लिहून ठेवायचं. मुलं ही चिठ्ठी घेऊन इतक्या आनंदाने पळतात की काही जण मुद्दाम शंका काढतात.

मग वीस मिनिटं करायचं काय? एक पुस्तक, दोन मुलं. शेजारी बस, समोर नको; समोर बसलं की परीक्षा वाटते. पुस्तक मुलाच्या हातात राहू दे. आणि लेकीकडून ही पाच वाक्यं शिकून जा. “से क्वा सा?” हे काय आहे? “मोंत्र म्वा.” दाखव मला. “ए आप्रे?” आणि मग? “आंकोर!” पुन्हा! आणि “ब्राव्हो”, त्याचा अर्थ सांगायला नको. या पाचांतलं सगळ्यात मोठं हत्यार ‘ए आप्रे’. आपल्याकडे गोष्ट ऐकणारं पोर ‘मग? मग?’ करत आजीला झोपू देत नाही, तेच इथे उलट करायचं. मूल थांबलं की लगेच पुढचा शब्द तोंडात कोंबू नकोस. मनात पाच आकडे मोज. फार लांब वाटतात ते पाच आकडे, पण बहुतेक वेळा चौथ्याला शब्द येतो. आणि मूल इंग्रजीवर घसरलं तर रागावायचं नाही, फक्त भाबडा चेहरा करायचा: “आं फ्रांसे?” आपला चेहरा त्या वेळी खरोखरच भाबडा असतो, अभिनय करावा लागत नाही.

शक्य असेल तर सार्वजनिक वाचनालयातून शब्दच नसलेलं एखादं चित्रांचं पुस्तक घेऊन जा. तिथे वाचायला काही नसल्याने मुलाला सगळं स्वतःच बोलावं लागतं, आणि तूही त्याच पायरीवर उभी असतेस.

आता तू म्हणशील, उच्चारांचं काय, मी तोंड उघडलं की हसतील. उलट आहे. इथल्या इंग्रजी बोलणाऱ्या पालकांना फ्रेंचचा ‘त’ आणि ‘द’ म्हणताना घाम फुटतो, त्यांच्याकडे ‘ट’ आणि ‘ड’च्या जवळचे आवाज. ते म्हणतात ‘टाब्ल’. तू म्हणशील ‘ताब्ल’, आणि तेच बरोबर आहे. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या ‘प’, ‘क’मधून हवेचा झोत सुटतो, फ्रेंचमध्ये नाही, मराठीतही नाही. नाकातले स्वर? ‘वँ’ म्हणजे वाइन, ‘वां’ म्हणजे वारा. अनुस्वार आणि चंद्रबिंदू पाहिलेल्या माणसाला निदान हे कळतं की आवाज नाकातून काढायचा आहे. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ इंग्रजीवाल्यांना महिनोन्‌महिने समजावावे लागतात, मुलाला ‘त्यू’ आणि मादामला ‘वू’. आपल्याला कोणी समजावलं होतं का? आणि ‘मी गेलो’, ‘मी गेले’ हा फरक बोलणाऱ्यावरून होतो, हेही फ्रेंचमध्ये तसंच आहे, फक्त त्यांचं जास्तीचं अक्षर कागदावर दिसतं, कानाला कळत नाही. पुन्हा तीच शेपूट!

अडखळशील ती दोन ठिकाणी. घशातला ‘र’, तो गुळणी करताना जिथे पाणी खळखळतं तिथून काढायचा. आणि ओठांचा चंबू करून म्हणायचा ‘ई’, म्हणजे त्यांचा ‘यू’सारखा स्वर. दोन्ही लेकीसमोर आरशात करून बघ. हसू दे तिला. घरात हसून झालं की शाळेत हसायचं उरत नाही.

सासूबाईंना मी जरा जास्त जागा देणार आहे, कारण त्यांचा प्रश्न सगळ्यांत खरा आहे. नात कशात बोलणार? मराठीत. त्यात फ्रेंच आड येत नाही. या देशात आपल्या घरातली मराठी खाल्ली जाते ती इंग्रजीकडून, तीही शाळेतल्या नाही, घरातल्या. आपणच सोय म्हणून ‘शूज घाल, बॅग घे, लेट होतंय’वर येतो आणि मग एक दिवस मूल मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देतं. फ्रेंच बिचारी शाळेतून घरापर्यंत येतच नाही. टोरंटो विद्यापीठाचे जिम कमिन्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून हेच मांडलं, की घरच्या भाषेत पक्कं झालेलं दुसऱ्या भाषेत उपयोगी पडतं. गोष्टीला सुरुवात असते, मध्ये काहीतरी बिघडतं, शेवटी सुटतं, हे ज्या मुलीला आजीच्या मांडीवर कळलं तिला ते फ्रेंच पुस्तकात पुन्हा शिकावं लागत नाही. तिला फक्त शब्द नवे असतात.

तेव्हा सासूबाईंनाच कामाला लाव. रोज रात्री एक गोष्ट, मराठीत. आणि रविवारी सापशिडी. गंमत सांगते. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे ‘स्वासांत-दीस’, साठ आणि दहा. ऐंशी म्हणजे ‘कात्र-वँ’, चार वेळा वीस. नव्व्याण्णव म्हणजे चार वीस दहा नऊ. इंग्रजी मुलांना हे ऐकून वेड लागायची पाळी येते. पण सासूबाईंच्या लहानपणी बाजारात आंबे, गवऱ्या, पेंढ्या विसांवरच मोजत असतील. चार विसा म्हणजे ऐंशी, पाच विसा म्हणजे शंभर. नातीची सोंगटी ऐंशीच्या घरात आली की तिने म्हणायचं ‘कात्र-वँ’ आणि आजीने म्हणायचं ‘चार विसा’. एकदा दोघींच्या लक्षात आलं की आपण एकच म्हणतोय, की मग तुला त्यांना खेळातून उठवावं लागेल. तसंच ‘ला लून’. चंद्र. मराठीत तो, फ्रेंचमध्ये ती. सूर्य दोन्हीकडे तो. घर मराठीत ते, फ्रेंचमध्ये ती, कारण त्यांच्याकडे ‘ते’ नाहीच. निर्जीव वस्तूंना लिंग असतं हे तुझ्या लेकीला कोणी पटवून द्यावं लागत नाही, तिच्या इंग्रजी मैत्रिणींना द्यावं लागतं. सात म्हणजे ‘सेत’, दात म्हणजे ‘दां’. लांबची का होईना, नात्यातली भाषा आहे.

मराठीची काळजी असेल तर आणखी एक. ऑन्टॅरिओच्या शाळा बोर्डांकडे इंटरनॅशनल लँग्वेजेस नावाचा कार्यक्रम असतो, बहुतेक ठिकाणी शनिवारी सकाळी. पुरेशा पालकांनी लेखी मागणी केली तर बोर्डाला त्या भाषेचा वर्ग काढावा लागतो. तुमच्या बोर्डात मराठी आहे का बघ, नसेल तर सह्या गोळा कर. तिथेही पालकच लागतात.

आता नवरोबा. ‘पगार घेणारे शिकवतील’ या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, तेवढं त्यांना देऊन टाक. कॅनडात फ्रेंच शिकवणाऱ्या शिक्षकांची टंचाई आहे, आणि कधीकधी शाळा नकळत पालकांवर भार टाकायला लागते. वर्गाला मादामच नाही आणि तुला ‘जरा वर्ग सांभाळता का’ विचारलं, तर नम्रपणे नाही म्हणायचं. ती जागा भरणं बोर्डाचं काम आहे. तो प्रश्न स्कूल कौन्सिलच्या सभेत मांड, बोर्डाच्या ट्रस्टीला ईमेल टाक. ट्रस्टी निवडून येतात, त्यांना मतदारांची उत्तरं द्यावी लागतात. आणि बेक सेलचे मफिन, टी-शर्टच्या ऑर्डरी, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची अ‍ॅडमिनगिरी हेही हळूहळू अंगावर येतं. बुधवारची वीस मिनिटं हातात ठेव, बाकी सोड.

पण त्यांना हेही सांग, की हे इमर्शन सुरू झालं तेच पालकांच्या उचापतीतून. माँट्रियालजवळच्या सेंट लॅम्बर्ट गावात १९६३ साली काही इंग्रजी बोलणारे आईबाप एकत्र आले. शाळेत वर्षानुवर्षं फ्रेंच शिकूनही दुकानात दोन वाक्यं बोलता येत नाहीत, हे त्यांचं स्वतःचं दुखणं होतं. बोर्ड फारसं उत्सुक नव्हतं. त्यांनी चिकाटी सोडली नाही आणि १९६५ मध्ये किंडरगार्टनचा पहिला वर्ग सुरू झाला. नावनोंदणी दुपारी एकला उघडली, एक वाजून पाच मिनिटांनी जागा संपल्या होत्या. मॅकगिल विद्यापीठाच्या वॉलेस लॅम्बर्ट यांनी पुढे त्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, इंग्रजी मागे पडत नाही ना हे तपासलं, आणि मग ही पद्धत देशभर गेली. १९७७ मध्ये कॅनेडियन पेरेंट्स फॉर फ्रेंच ही पालकांची संघटना उभी राहिली, ती अजून आहे. तिच्या शाखा फ्रेंच भाषणांच्या स्पर्धा, कार्यक्रम असं बरंच काही करतात. तिथे स्वतः फ्रेंच न बोलणारे पालक ढिगाने भेटतील. तू एकटी नाहीस, आणि पहिली तर मुळीच नाहीस.

थोडं कागदपत्रांचं. शाळेत मुलांबरोबर काम करायचं तर बहुतेक ठिकाणी पोलिसांकडून व्हल्नरेबल सेक्टर चेक, म्हणजे आपली पार्श्वभूमी तपासल्याचा दाखला, आणावा लागतो. त्याला वेळ लागू शकतो, म्हणून अर्ज आजच टाक. घरच्या अभ्यासात अडलं, दिक्तेचे, म्हणजे शुद्धलेखनाचे, शब्द कसे वाचायचे कळेना, तर मादामला इंग्रजीत विचारायला लाजू नकोस, इमर्शनचे पालक फ्रेंच जाणत नाहीत हे गृहीतच असतं. तुला स्वतःला थोडं शिकायचं असेल तर सीबीसी-रेडिओ कॅनडाचं मॉरिल नावाचं फुकट अ‍ॅप आहे, टीव्हीच्या तुकड्यांवरून शिकवतं. मुलीबरोबर टीएफओ या फ्रेंच वाहिनीचे कार्यक्रम बघ, तेही चालेल. पण क्लबला जाण्यासाठी हे आधी पुरं करायला हवं असं मुळीच नाही.

आणि एक गोष्ट मात्र कडक. क्लबमध्ये कुठलं मूल अडखळतं, कोणाला साधे शब्द येत नाहीत, हे तुला दिसणार. ते क्लबच्या दाराबाहेर जाता कामा नये. आपल्या लोकांत दिवाळीच्या पार्टीत ‘त्यांच्या अमक्याला अजून वाचता येत नाही हं’ एवढं वाक्य पुरतं, आणि ते त्या मुलाच्या कानावर त्याच्या आईच्या तोंडून पडतं. लेकीलासुद्धा सांगायचं नाही. ती विचारेल, नक्की विचारेल.

पहिल्या बुधवारी पोटात गोळा येईल. डबा खाऊन जा, उपाशीपोटी जास्त येतो. आत गेल्यावर मुलं तुला ‘मादाम’ म्हणतील, दचकू नकोस. कुणी विचारलं, तुम्हाला फ्रेंच येतं का, तर खरं सांग: “नों.” आणि मग पुस्तक त्याच्याकडे सरकवून म्हण, “मोंत्र म्वा.”

शेवटची तीन अक्षरं गिळायची, तेवढं लक्षात ठेव.

— तुझी ताई